पासष्ट हजारांतला गेमिंग पीसी

‘बजेट किती?’ मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात प्रत्येक काउंटरवर पहिला प्रश्न हाच. ‘पासष्ट हजार, मॉनिटर धरून,’ असं म्हणायचा अवकाश, समोरचा माणूस कॅल्क्युलेटर ओढतो आणि भराभर बोलायला लागतो. त्यातला ‘जीएसटी’ एवढा एकच शब्द माझ्या ओळखीचा. मी एका कंपनीत हिशेब सांभाळतो. कॉम्प्युटर म्हणजे टॅली उघडली की झालं, इतकीच माझी समज. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली. तिला ‘व्हॅलोरंट’ आणि ‘जीटीए फाइव्ह’ खेळायचं होतं. लॅपटॉप नको, कारण तेवढ्याच पैशात डेस्कटॉपमध्ये ग्राफिक कार्ड दमाचं मिळतं आणि पुढेमागे एकेक पार्ट बदलता येतो, हे तिचं पक्कं होतं. ‘बाबा, तू फक्त चल. घासाघीस तुला जमते,’ म्हणाली.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की हा रस्ता पायी गाठता येतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. वडिलांच्या पिढीला तो नाझ इमारतीतल्या सिनेमा वितरकांमुळे ठाऊक होता, आता जिन्यांखालीसुद्धा कीबोर्ड लटकतात.

एका दुकानाबाहेर बोर्ड होता : ‘गेमिंग पीसी, आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड’. किंमत आमच्या बजेटच्या निम्म्याहून कमी. मी खूश. मुलीने आत जाऊन विचारलं, ‘काका, कितवी जनरेशन?’ काका जरा घुटमळले. निघालं आय-सेव्हन २६००, म्हणजे २०११ सालचा प्रोसेसर. तिने मला तिथेच उभ्या उभ्या समजावलं, की २०२२ मध्ये आलेला साधा आय-थ्री १२१००एफसुद्धा याला सहज मागे टाकतो. दोघांनाही कोअर चारच, पण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोअरचं काम कितीतरी वाढलंय. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते ‘४ जीबी’चं कार्ड निघालं जीटी ७३०. तेही मूळचं २०१४ चं. कार्डावरचे जीबी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे, हे मला तिथे कळलं. बोर्डावर खोटं काहीच नव्हतं. फक्त मॉडेलचं नाव नव्हतं.

पुढच्या दुकानात उलट गंमत. तिथला पोरगा प्रोसेसरवरच अडून बसला. ‘सर, आय-फाइव्ह घ्या, कार्ड नंतर टाका.’ त्याने दाखवलेला प्रोसेसर होता १२४००एफ. त्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नाही. वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काही उमटायचंच नाही! रायझन ५ ५६००जी घेतला तर गोष्ट वेगळी, त्याच्यात ग्राफिक्स असतं. व्हॅलोरंट त्यावर निभतं, पण जड गेमला तो लवकर धापा टाकतो. गेमिंगच्या कॉम्प्युटरचं लग्नपत्रिकेसारखं असतं : वर ठळक नाव प्रोसेसरकाकांचं, खर्च मात्र ग्राफिकमामाच्या खिशातून. एकूण रकमेतला सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा असायला हवा, हे मुलगी घरून ठरवून आली होती.

तिचं कार्डही ठरलेलं. आरएक्स ६६००, ८ जीबी, २०२१ मध्ये आलेलं. १९२० बाय १०८० च्या साध्या मॉनिटरला ते पुरून उरतं आणि वीज खातं १३२ वॅट. माझा जीव मात्र सेकंडहँड आरएक्स ५८० वर गेला, कारण किंमत. तिने नकार दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद पडल्यावर दिवसरात्र राबलेली हजारो कार्डं बाजारात आली, त्यातलं कुठलं आपल्या वाट्याला येईल सांगता येत नाही. शिवाय ‘२०४८एसपी’ असं शेपूट असलेलं ५८० हे खऱ्या ५८० पेक्षा कमी ताकदीचं असतं. २०४८ हा कार्डातल्या छोट्या प्रोसेसरांचा आकडा, खऱ्यात ते २३०४ असतात. एवढ्या बारकाईने तिने कधी माझी पासबुकं पाहिली असती तर बरं झालं असतं.

मग एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. ‘कॅबिनेटसोबत फ्री आहे,’ असं म्हणून दुकानदाराने विषय मिटवला होता. तिने तो परत काढला. नावगाव नसलेल्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असलं तरी तो तेवढी वीज देईलच असं नाही, आणि तो उडाला तर महागडं कार्डही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस ब्राँझ’ प्रमाणपत्राचा वेगळा घेतला. मला तो खर्च तेव्हा अंगावर आल्यासारखा वाटला, पण वीज-फ्यूजमधलं मलाही थोडं कळतं, म्हणून गप्प बसलो.

घासाघीस जमली नाही. रॅमने घोळ केला. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय, त्यामुळे २०२५ च्या शेवटी शेवटी भाव इतके चढत होते की कोटेशनवर ‘आजपुरतं’ असं लिहून मिळायचं. १६ जीबीची एकच पट्टी घ्यायची की ८-८ च्या दोन, यावरही वाद झाला. दोन घेतल्या, कारण दोन वाटांनी डेटा जातो तेव्हा गेमला फायदा होतो. त्या भावापायी मनात असलेला आय-फाइव्ह सोडला आणि आय-थ्रीवर आलो. कार्डाला हात लावू दिला नाही.

शेवटी एक वाक्य मला कळेल असं आलं : ‘बिल पाहिजे का सर? विदाउट बिल कमी पडेल.’ अठरा टक्के जीएसटी वाचवायचा म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडायचं. मी प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर टाकलेलं पक्कं बिल घेतलं.

तुम्ही जाणार असाल तर बजेटचा आकडा सांगण्याआधी कुठले गेम खेळायचेत ते सांगा, आणि कोटेशनवर प्रोसेसर, कार्ड, एसएमपीएस या तिन्हींचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. ‘आय-सेव्हन’, ‘४ जीबी कार्ड’ एवढंच लिहिणाऱ्याकडून घेऊ नका. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.