रात्रीचीं छायाचित्रें

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलांस अलीकडे रात्रीं छायाचित्रें काढण्याचा नाद लागला आहे. शनिवारीं जेवणें उरकलीं कीं तीं वांद्रें स्थानकाबाहेर किंवा कार्टर रोडच्या समुद्रकांठीं कॅमेरा व तिपाई घेऊन जातात, आणि घरच्यांची काळजी दूर व्हावी म्हणून मलाही बरोबर नेतात. पालकांची ही काळजी चोरांची असते. ती एका निराळ्याच गोष्टीची करावी, असें मला वाटतें.

रात्रीं रस्त्यावरचा उजेड तुटपुंजा, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. संवेदनशीलता १०० ठेवली आणि छिद्राचा आंकडा १६ वर आणला, तर साध्या दिव्याखालीं आठ सेकंद तरी हवेत. १९३० च्या सुमारास पॅरिसच्या रात्रीं टिपणारा ब्रासाई हा काळ म्हणे सिगारेट जळण्यावरून मोजी. (शाळेच्या अंकांत हें लिहावें कीं नाहीं, ह्याचा विचार केला, पण घड्याळें आतां स्वस्त आहेत, एवढें सांगून पुढें जातों.)

ह्या आठ सेकंदांत मोठी गंमत घडते. स्थानकाच्या पुलावरून माणसांचा लोंढा उतरत असतो, पण चित्रांत त्यांतलें कोणीच उमटत नाहीं. रिक्षा नाहींशा होतात; समोरून येणाऱ्यांच्या पांढऱ्या व पाठमोऱ्यांच्या तांबड्या रेघा तेवढ्या राहतात. उमटतो तो जागचा न हललेला. १८३८ सालीं दागेर ह्यानें पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचें चित्र भर दिवसां घेतलें, त्यास कित्येक मिनिटें लागलीं. गाड्याघोडे सारे पुसले गेले, आणि बूट पुसवून घेण्यास थांबलेला एक गृहस्थ व त्याच्या पायाशीं बसलेला पॉलिशवाला एवढेच अंधुकसे राहिले. छायाचित्रांत सांपडलेलीं हीं पहिलीं माणसें, असें मानतात. त्या दोघांस तें कधीं कळलेंही नसावें.

आतां रात्रीं बारा वाजतां उपनगरांत जागचा न हलणारा कोण? पदपथावर निजलेला मजूर. चित्र सुबक येतें, रेषा न् रेषा स्पष्ट. मुलांचा कॅमेरा आपोआप तिकडे वळतो. मी तें चित्र घेऊं देत नाहीं. जागा सार्वजनिक आहे, हें कबूल. पण आपला जो रस्ता, तें त्याचें निजण्याचें घर आहे, आणि निजलेल्याच्या घरांत विचारल्यावांचून कोणी शिरत नाहीं.

एक मुलगी मला म्हणाली, “सर, झोंपलेल्यांना वगळलें तर वांद्र्यांत रस्त्यावर कोणी झोंपतच नाहीं असें दिसेल. तें खोटें नाहीं का?” प्रश्न तिखट होता, आणि मला तो अजून पुरता सुटलेला नाहीं. चित्रामुळें डोळ्यांआडचें दारिद्र्य लोकांपुढें येतें, हेंही खरेंच. तूर्त आम्हीं इतकेंच ठरविलें आहे कीं, जो जागा असेल त्यास विचारावें आणि निजलेल्याचा चेहरा घेऊं नये. फार तर चोरीला जाऊं नयेत म्हणून त्यानें उशाखालीं घेतलेल्या चपला घ्याव्या.

विचारल्यानें माणूस चित्रांत आपल्या पायांनीं येतो. उन्हाळ्यांत एका इमारतीच्या पहारेकऱ्यास मुलांनीं असेंच विचारलें. त्यानें आधीं टोपी घातली, मग खुर्ची बाजूला सारली आणि तो ताठ उभा राहिला. “आठ सेकंद हलूं नका, काका,” म्हणतांच त्यानें श्वासही रोखला. मागून गाडीचीं माणसें घरोघर परतत होतीं. त्यांची धुक्यासारखी छटा तेवढी उमटली. चित्र पाहून तो म्हणाला, “एवढ्या गर्दींत मी एकटाच कसा?” मुलांनीं त्यास सारें समजावून सांगितलें. त्यानें दोन प्रती मागितल्या, एक गांवीं पाठविण्यासाठीं. आणि छातीवरचा बिल्ला नीट दिसावा म्हणून तो पुन्हां एकदां दिव्याखालीं येऊन उभा राहिला.