वेताळ टेकडीवरून दिसणारी हवा

दोस्तांनो, हिवाळ्यात पुण्याला आलात तर एकदा सकाळी लवकर वेताळ टेकडी चढा. (पांघरूण सोडवत नाही, ठाऊक आहे. तरी चढा!) वर पोचलात की कर्वे रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभे राहा. शहरावर मळकट, तपकिरी पट्टा पसरलेला दिसेल. ते नुसतं धुकं नव्हे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. मग गाड्यांचा धूर, रस्त्यावरची धूळ, शेकोट्या, सगळं खालीच कोंडतं.

आता मागे वळा. ते पाषाण. तिथल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं हवेचा अंदाज सांगणारी 'सफर' ही यंत्रणा तयार केली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ती आधी दिल्लीत बसली. पुण्यात आली २०१३ मध्ये. घरच्यांचा नंबर नंतर!

हवा मोजतात तरी कशी? एका प्रकारच्या यंत्रात कागदाची फीत असते. पंप हवा आत ओढतो, मोठे कण वाटेतच अडवले जातात आणि बारीक कणांचा फितीवर डाग पडतो. त्यातून बीटा किरण सोडतात. धूळ जितकी जास्त, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. यातले पीएम २.५ नावाचे कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट बारीक असतात. नाकाला चकवून ते थेट फुप्फुसात शिरतात, म्हणून त्यांच्यावर एवढा पहारा.

बातम्यांत सांगतात तो 'हवा गुणवत्ता निर्देशांक' आपल्या देशात २०१५ मध्ये सुरू झाला. ५० पर्यंत हवा चांगली, ४०० च्या वर गंभीर. धूळ आणि निरनिराळे वायू यांचे वेगवेगळे निर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट, तोच त्या केंद्राचा निकाल. म्हणजे गणितात ९० पडले तरी इंग्रजीत दांडी उडाली, की प्रगतिपुस्तकावर इंग्रजीचाच आकडा! मला तर ही कडक पद्धत पटते.

एक गोष्ट मात्र आईबाबांनाही सांगा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रोजचं पत्रक दुपारी ४ वाजेपर्यंतच्या २४ तासांचं असतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा धूर त्यात येतो दुसऱ्या दिवशी! तेव्हा घरात कुणाला दमा असेल, तर त्या संध्याकाळी पत्रकावर विसंबू नका. घराजवळच्या केंद्राच्या तासागणिक नोंदी बघा आणि मगच आजोबांची खुर्ची गॅलरीत मांडायची की नाही, ते ठरवा.