नेऱ्याचा ऱ्या

ओळखीत कोणी डॉक्टर असला की लोक लग्नाच्या पंगतीतही त्याला गुडघे दाखवतात. माझंही तसंच, फक्त गुडघ्यांच्या जागी क्वेऱ्या. डेटाबेस सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि नेऱ्यात राहायला आल्यापासून ही बातमी पार पनवेलपर्यंत फुटली आहे. "दादा, एक क्वेरी अडलीय, पाच मिनिटं आहेत का?" ती पाच मिनिटं कधीच पाच नसतात. तरी मी बसतो.

एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएममध्ये असताना, रिलेशनल मॉडेलचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे जे उभं राहिलं त्याचं सार एवढंच : तुम्ही फक्त काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्र बघेल. ऐकायला झकास! पण मंडळी, "काय हवं" हे नीट सांगणं हीच तर सगळी मारामारी आहे.

आमच्या ओळखीच्या एक काकू शिकवण्या घेतात. कोणाची फी बाकी आहे, असं त्यांच्या भाच्याने डेटाबेसला विचारलं. उत्तर आलं, कोणाचीच नाही. काकू पेढे वाटायच्या बेतात! भाच्याने 'नॉट इन' वापरलं होतं : ज्यांचा क्रमांक पावत्यांमध्ये नाही ती मुलं दाखव. आणि एका पावतीवर मुलाचा क्रमांकच भरलेला नव्हता, म्हणजे तिथे 'नल' होता. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे माहीत नाही. मग यंत्र प्रत्येक थकबाकीदार मुलाबद्दल म्हणतं, ती बेवारशी पावती याचीच नसेल कशावरून? खात्री नाही, म्हणून नाव गाळलं. असं करत अख्खी यादी रिकामी. 'नॉट एक्झिस्ट्स' लिहिल्यावर अकरा नावं आली. भाच्याला मी एवढंच म्हटलं, क्वेरी दुरुस्त झाली, आता ती पावती कोणाची तेही शोध.

दुसरा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका नेत्रशिबिराच्या कार्यकर्त्यांकडे दोन तक्ते होते. एकात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोक, दुसऱ्यात फोन नंबर. नाव आणि गाव जुळवून फेरतपासणीची यादी निघायची. यादी छान निघत होती, कुठे लाल अक्षरात चूक नाही. पण एक आजोबा फोन न येताच स्वतःहून आले. त्यांचं नाव यादीत नव्हतंच. शोधल्यावर कळलं, आडनावात 'ऱ्ह' असलेले बरेच जण गळले होते.

कारण आपल्या मराठीतच आहे. नेरे या नावाचं नेऱ्याला, नेऱ्यात करताना आपण जो अर्धा र लिहितो तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, मुळात वेगळं असलेलं ऱ हे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. जुन्या मराठी ब्लॉगांवर ही दुसरी तऱ्हा भरपूर सापडते. आता बघा : कऱ्हाडे आणि कर्‍हाडे. तुम्हाला फरक दिसला? त्यांच्या पोस्टग्रेसला दिसत होता. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

आम्ही दोन्ही तक्त्यांतली नावं एकाच तऱ्हेने लिहून घेतली. मग प्रत्येक माणसाला एक क्रमांक दिला आणि जुळणी त्या क्रमांकावर आणली. नाव हे हाक मारायला असतं, जुळवायला क्रमांकच हवा.

तेव्हापासून "क्वेरी चालत नाही" म्हणणाऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही. निदान त्याला कळलंय तरी! "चालतेय" म्हणणाऱ्याला मात्र मी दोन गोष्टी करायला लावतो. आधी मूळ तक्त्यातल्या ओळी मोज आणि उत्तरातल्या ओळी मोज, फरक पडला तर का पडला ते सांग. मग ज्याला तू स्वतः ओळखतोस असा एक माणूस घे आणि तो यादीत आहे का ते डोळ्यांनी बघ.

गळलेलं नाव ओरडत नाही हो. ते आपल्यालाच शोधायला लागतं.

असो. कोणाची क्वेरी अडली असेल तर या नेऱ्याला. चहा आमच्याकडून.