चार तारा आणि एक होकार

अ‍ॅप लिहिले जाते संगणकावर आणि जगते कोणाच्या तरी खिशातल्या फोनवर, त्यामुळे ते चालता चालता कोसळले तर त्याचे दुखणे फोनलाच विचारावे लागते. दोष हुडकून दूर करण्याच्या या कामाला डीबगिंग म्हणतात. अँड्रॉइड फोन त्यासाठी संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी २.० केबलमध्ये मुळात चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. ज्या केबलमध्ये विजेच्याच तारा असतात, तिच्यावर फोन चार्ज होत राहतो, पण संगणकाला त्याची चाहूलही लागत नाही.

तारा चारही असल्या तरी फोन लगेच मन मोकळे करत नाही. २०१२ साली आलेल्या अँड्रॉइड ४.२ पासून ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा विभाग झाकलेला असतो आणि बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवले, तरच तो उघडून यूएसबी डीबगिंगची सोय हाती येते. त्यानंतरही अनोळखी संगणक आपली सार्वजनिक किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी एक प्रचंड संख्या, पुढे करतो, तेव्हा फोन तिचा ठसा पडद्यावर दाखवून मालकाचा होकार मागतो. तो मिळेपर्यंत संगणकाला दार दिसते, उंबरठा ओलांडता येत नाही.

होकार मिळाला की अँड्रॉइड डीबग ब्रिज, म्हणजे दोन्ही यंत्रांमध्ये निरोपांची ने-आण करणारी व्यवस्था, कामाला लागते आणि लॉगकॅट या साधनातून फोनच्या अंतर्यामीच्या नोंदी ओळीओळीने झरू लागतात. त्यांचा साठा वर्तुळाकार असल्याने नवी नोंद जुनीला पुसत जाते, म्हणून अ‍ॅप कोसळल्यावर विचारपूस तत्काळ झालेली बरी. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅममधील ठरवलेला थांबा, आला की धावते अ‍ॅप जागच्या जागी थबकते आणि त्या क्षणी त्याने मनाशी धरलेल्या किमती वाचता येतात.

मात्र ज्या वाटेने दोष दिसतो, त्याच वाटेने फाइली उचलता येतात आणि नवे अ‍ॅपही आत बसवता येते, म्हणूनच होकाराचे मोल तारेहून मोठे आहे. २०२० च्या अँड्रॉइड ११ ने वायफायवरून जोडणीची सोय दिली, तेव्हा केबलची गरज सरली, पण मालकाचा होकार मागणे सुटले नाही, तो जोडी जुळवताना सहा अंकी संकेतासारख्या खुणेने घेतला जातो. काम आटोपल्यावर दिलेली परवानगी मागे घेणे, हा त्या विश्वासाचा शेवटचा मान आहे.