निजेचे देणे

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. खरी भूक लागलेल्या माणसाला कोंडाही गोड लागतो आणि डोळे मिटू लागलेल्या माणसाला उशाला दगडही पुरतो. ही म्हण ज्यांच्या तोंडी घडली त्या कष्टकरी माणसांना झोपेची आराधना करावी लागत नसावी. दिवस मावळला की ती आपल्या पावलांनी घरात येत असे. आज आपल्या घरांत मऊ गाद्या आहेत, पंखे आहेत, मच्छरदाण्या आहेत. तथापि झोप मात्र उंबरठ्याशी ताटकळत उभी असते.

माझा जन्म वसईचा. पण नोकरीच्या निमित्ताने बोर्डीला आलो आणि निवृत्तीनंतरही येथेच राहिलो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस चिकूच्या वाड्या आणि मधून जाणारा शांत रस्ता, असे हे गाव आहे. येथे राहिल्यावर ध्यानात येते की, निसर्गात प्रत्येक गोष्टीला भरती आहे तशी ओहोटीही आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि होडी समुद्रात लोटणारा मच्छीमार तिच्या हिशेबाने आपली नीज ठरवतो. माणसाच्या देहातही असेच एक घड्याळ आहे. ते कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळाचा हृदयाशी फार जवळचा संबंध आहे. हृदय जन्मभर एक क्षणही थांबत नाही. परंतु रात्री त्याचा भार हलका होतो. गाढ झोपेत नाडीचे ठोके मंदावतात. निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हीच हृदयाची ओहोटी. ज्यांचा रक्तदाब रात्री असा उतरत नाही, त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो, असे आढळून आले आहे. झोप अपुरी पडली की संकटाच्या वेळी देहाला सज्ज करणारी मज्जासंस्था रात्रभर जागीच राहते, रक्तातील साखर बिघडू लागते आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेल्या पदार्थांची वासना वाढते. अशी एखादी रात्र देह सोसतो. वर्षानुवर्षे मात्र सोसत नाही.

हे सारे मी आज शांतपणे लिहीत आहे. परंतु या विषयाकडे मी वळलो तो माझ्या धाकट्या भावामुळे. वसईत त्याचा फुलांचा धंदा होता. पहाटेच्या गाडीने दादरचा बाजार गाठायचा, म्हणून तो अडीच वाजता उठे. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या फुलांची जुळवाजुळव, मग हिशेब. अंथरुणाला पाठ टेकायला अकरा वाजत. अशी वीस-बावीस वर्षे गेली. त्याला तंबाखूचे व्यसन नव्हते. रक्तदाब होता, त्यावर गोळी चालू होती. डॉक्टरांनी मीठ विचारले, तेल विचारले, चालणे विचारले. ‘तुम्ही किती तास झोपता?’ हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. वयाच्या ५१व्या वर्षी, एका पहाटे टोपली उचलताना तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

अपुऱ्या झोपेनेच तो गेला, असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या मरणाला एकच कारण क्वचितच असते. परंतु हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारच्या दरम्यान अधिक येतात, हे १९८५ सालीच अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले होते. पहाटे रक्तदाब चढू लागतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. स्वीडनमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करतात. त्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेले दिसले, असा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अवघ्या एका तासाची ही किंमत! अखेर २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयाच्या आरोग्याच्या कसोट्यांत आहार, व्यायाम, तंबाखू-वर्जन यांच्या पंक्तीला झोपेलाही स्थान दिले. प्रौढ माणसाला सात ते नऊ तास झोप हवी, असे तिने सांगितले. माझ्या भावाला साडेतीन तास मिळत होती.

झोपेचे तास भरले म्हणजे झोप झाली, असेही नाही. आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय आहे. ‘काय गाढ झोप लागली आहे!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. प्रत्यक्षात काही माणसांचा श्वासमार्ग झोपेत मिटतो, श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातील प्राणवायू कमी होतो आणि मेंदू दचकून देहाला जागे करतो. हे रात्रीतून अनेक वेळा घडते आणि दर वेळी रक्तदाब उसळी घेतो. झोपलेल्या माणसाला याचा पत्ता नसतो. तो असतो शेजारी जाग्या असलेल्या पत्नीला. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकून गुदमरणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा बसल्या जागी डुलक्या येणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे यांनी गुण येतो. गरज पडल्यास नाकावाटे हवेचा दाब देणारे यंत्र लावतात. ते १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी जगापुढे आणले. रक्तदाब गोळ्यांना दाद देत नसेल, तर त्याचे मूळ कधी कधी याच घोरण्यात सापडते.

आपल्या वाडवडिलांच्या घरी संध्याकाळला एक शिस्त होती. दिवेलागणीला रोझरी, मग जेवण, मग थोड्या गप्पा आणि नऊ-साडेनऊला निजानीज. वेळ ठरलेली असे. त्यामागचे शास्त्र त्यांना ठाऊक नसेल. परंतु झोपेच्या तासांइतकीच, किंबहुना अधिकच, तिची नियमितता महत्त्वाची आहे, असे साठ हजारांहून अधिक लोकांच्या २०२३ सालच्या ब्रिटनमधील अभ्यासात दिसून आले. आता रोझरी झाली तरी नंतर प्रत्येक जण आपापल्या मोबाइलच्या उजेडात एकटा बसतो. तो उजेड मेंदूला सांगतो की अजून दिवस मावळलेला नाही.

मात्र हा उपदेश करणे मजसारख्या पेन्शनरला सोपे आहे. भावाचा मुलगा आता आमच्याकडेच राहतो. बोईसरला एका कारखान्यात तो पाळीत काम करतो आणि घोलवडहून गाडीने ये-जा करतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. पाळीत काम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे २३ टक्के अधिक असतो, असा निष्कर्ष २०१२ साली वीस लाख लोकांची माहिती एकत्र करून काढण्यात आला. हे मी त्याला वाचून दाखवले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “काका, पप्पांनाही ठाऊक होतं की झोप कमी पडते. पण फुलं पहाटेच विकली जातात. माझी पाळीही मी ठरवत नाही.”

त्याच्या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. झोप हा केवळ सवयीचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. मग जेवढे हाती आहे तेवढे आम्ही केले. त्याच्या खोलीला जाड काळे पडदे लावले. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी आला की, आमच्या घरात दुपारी दोनपर्यंत कुकरची शिट्टी वाजत नाही आणि दारावरची घंटा बंद असते. पाळीच्या उत्तरार्धात तो चहा घेत नाही. कामावर निघण्यापूर्वी अर्ध्या तासाची वामकुक्षी घेतो. दर सहा महिन्यांनी रक्तदाब तपासतो. धोका संपला असे नाही. परंतु त्याच्या चेहऱ्यावरचा पूर्वीचा तो करडा थकवा कमी झाला आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या मेजावर निद्रिस्त संत योसेफाची एक मूर्ती असे. काही अडचण आली की ती कागदावर लिहून ते त्या मूर्तीखाली ठेवत, असे त्यांनीच २०१५ साली मनिलामध्ये कुटुंबांशी बोलताना सांगितले होते. झोपलेला माणूस काहीच करीत नाही, हा आपला समज किती अपुरा आहे!

म्हणूनच धर्मग्रामातील बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. लग्नघरचा मांडव असो वा सणाचा कार्यक्रम, आपल्या आनंदाचे कर्णे मध्यरात्रीपर्यंत वाजतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धक वाजवू नयेत, असा नियम २००० सालापासून आहे. पण नियमासाठी नव्हे, तर शेजारधर्मासाठी तो पाळावा. पलीकडच्या घरात कोणी पहाटेची गाडी पकडणारी परिचारिका असेल, कोणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा असतील. भुकेल्याला अन्न द्यावे, हे आपण लहानपणीच शिकलो. थकलेल्याला झोप देणे हेही त्याच मोलाचे दान आहे, आणि त्यासाठी खिशातून एक पैसाही काढावा लागत नाही.