स्वारगेटच्या मावशी

सबमिशन संपलं, दिवाळीची सुट्टी लागली आणि सॅक पाठीला लावून मी स्वारगेटला पोचले. साताऱ्याची गाडी अर्धा तास लेट! सुट्टीतलं स्वारगेट म्हणजे काय, ते हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. हॉर्न, पाणीवाले, "सातारा, कराड, कोल्हापूर"च्या हाका आणि डोक्यावर किंचाळणारा स्पीकर.

माझ्या बाकाजवळ दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा अचानक खाली बसला. दोन्ही कानांवर हात, पुढे-मागे डोलणं आणि जोरजोरात ओरडणं. झालं, गर्दी जमली. "अंगात आलंय", "लाडावलंय पोरगं", "दोन ठेवून द्या"... सल्ल्यांना तोटा नव्हता. मी पडले शहाणी! पुढे होऊन त्याचा हात धरला. "काय झालं बाळा? नाव काय तुझं? पाणी हवंय?" तो आणखीनच ओरडायला लागला.

"ताई, हात सोडा त्याचा. आणि जरा बोलू नका," त्याच्यासोबतच्या मावशी म्हणाल्या. त्यांनी लोकांना मागे सरायला लावलं. पिशवीतून कानटोपी काढून त्याच्यासमोर धरली. ती त्याने स्वतःच ओढून घातली. मग त्या हातभर अंतरावर खाली बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मावशी इथे आहे." बस्स. दहा मिनिटांनी तो शांत झाला.

त्याचे वडील रिझर्वेशनच्या रांगेत होते. मावशी चार वर्षं त्याला सांभाळतायत. "ऑटिझम आहे त्याला. मराठीत स्वमग्नता म्हणतात." मी कॉन्व्हेंटमधली, ऑटिझम शब्द माहीत होता, मराठी शब्द मावशींकडून कळला. खरं सांगायचं तर शब्दापलीकडे मला काहीच माहीत नव्हतं.

"मीपण आधी ओरडायचे त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "कामाला लावताना 'पोराला सांभाळायचं' एवढंच सांगितलं होतं. मग त्याच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं. हट्टी पोराला काहीतरी पाहिजे असतं. याला काही नको असतं, नुसता आवाज थांबायला हवा असतो."

घरी गेल्यावर थोडं वाचलं. स्वमग्नता हा आजार नाही, मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. आपल्याला साधे वाटणारे आवाज, उजेड, स्पर्श यातल्या काहींना सहनच होत नाहीत. 'तारे जमीन पर'मुळे (२००७) आपल्याला डिस्लेक्सिया कळला, पण ती अध्ययन अक्षमता. दोन्ही वेगळ्या. १९९५च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात या दोन्ही आल्या. पुण्यात 'कामायनी' बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी १९६४पासून काम करतेय. अशा मुलांना सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला केंद्राच्या नॅशनल ट्रस्टने 'सहयोगी' नावाची योजनाही आखली. मावशींना मात्र जे मिळालं, ते एका बाईंच्या आपुलकीतून.

हे सगळं इथे का लिहितेय? पहिल्या वर्षी आमच्यासोबत एक मुलगी होती. मेसमध्ये रोज एकाच खुर्चीवर बसायची. ती जागा कोणी घेतली की ताट घेऊन उभी राहायची. गॅदरिंगचा स्पीकर लागला की दार लावून घ्यायची. आम्ही तिला एक नाव ठेवलं होतं. ठेवणारी मीच. ते इथे लिहीत नाही, पुन्हा सुरू व्हायचं. गंमत बघायला मुद्दाम तिच्या खुर्चीवर बसणाऱ्यांतही मी होते. वर्ष संपल्यावर तिने हॉस्टेल सोडलं. का, ते कोणी विचारलं नाही.

तिला काय होतं, मुळात काही होतं का, मला माहीत नाही. ते ठरवणं माझं कामही नाही. पण खुर्ची सोडायला डॉक्टरचं सर्टिफिकेट कशाला लागतं?

आपल्या मेसच्या मावशी, वॉचमन काका, रेक्टर मॅडम, सगळे आपल्याला सांभाळतातच. त्यांना आणि आपल्यालाही हे कोणीतरी तासभर बसवून शिकवायला हवं. तोवर स्वारगेटच्या मावशींचे तीन धडे पुरेत: हात धरू नका, कमी बोला, थांबा.

तिचा नंबर अजून माझ्याकडे आहे. हा अंक तुमच्या हातात पडायच्या आत फोन करायचा, असं ठरवलंय.