पाणबुडी आली, टॉर्पेडो राहिला

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईत 'वागशीर' नौदलात दाखल झाली. माझगाव डॉकने बांधलेली कलवरी वर्गातली सहावी आणि शेवटची पाणबुडी. आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले, मीही केला. अभिमान वाटावा असंच काम आहे ते. पण त्या फोटोत न दिसणारी एक गोष्ट आज लिहितोय. या सहा पाणबुड्यांसाठी नवा जड टॉर्पेडो अजून आलेला नाही.

त्या निःशस्त्र आहेत असं कुणी समजू नका. एक्झोसेट क्षेपणास्त्र आहे, आणि जुन्या शिशुमार वर्गासाठी घेतलेल्या जर्मन टॉर्पेडोंवर काम भागवलं जातंय. पण टॉर्पेडो हे पाणबुडीचं मुख्य हत्यार. एका पाणबुडीत चाळीसेक माणसं पाण्याखाली जातात. नवं घर आणि जुनी बंदूक, हा हिशेब त्यांच्या जिवाशी आहे.

झालं कसं ते बघा. पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ चा. पहिली यायची होती २०१२ मध्ये, आली डिसेंबर २०१७ मध्ये. टॉर्पेडोची खरेदी वेगळी ठेवली होती. त्यासाठी इटलीच्या 'वास' कंपनीचा ब्लॅक शार्क निवडला, ९८ नग. ही कंपनी फिनमेकानिका समूहातली. त्याच समूहातल्या ऑगस्टावेस्टलँडचं व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टर प्रकरण गाजलं आणि जानेवारी २०१४ मध्ये तो करार रद्द झाला. मग २०१६ मध्ये, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, टॉर्पेडोची निविदाही गुंडाळली. आणि शेवट काय? ३० डिसेंबर २०२५ ला सुमारे १,८९६ कोटींचा ४८ टॉर्पेडोंचा करार झाला. कुणाशी? इटलीच्या त्याच 'वास'शी! पुरवठा सुरू होणार एप्रिल २०२८ पासून.

आता कमेंटमध्ये काँग्रेस-भाजप सुरू करू नका. यात दोघांचीही वर्षं आहेत.

लाच दिल्याचा संशय असलेल्या समूहापासून लांब राहायचं, हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. प्रश्न पुढचा आहे. निविदा रद्द झाली त्या दिवशी 'मग टॉर्पेडो कुठून आणि कधीपर्यंत?' याचं उत्तर देणं कुणाचं काम होतं? नौदल गरज सांगतं, डीआरडीओ संशोधन करतं, उत्पादन विभाग कारखाने बघतो, खरेदी शाखा वाटाघाटी करते, वित्त विभाग आक्षेप काढतो, तपास यंत्रणा तपास करते. पूर्ण पाणबुडीचा, म्हणजे हत्यारासकट पाणबुडीचा, धनी कोण? कुणीच नाही.

मला हे नवीन वाटत नाही, कारण बावीस वर्षं मी एका सरकारी खात्याच्या खरेदी शाखेत काढली. यंत्र घेणारा एक विभाग, वीजजोडणी देणारा दुसरा, चालवायला माणूस नेमणारा तिसरा. एक्स-रे मशीन खोक्यात पडून राहायचं, पेशंट तालुक्याला हेलपाटे घालायचे, आणि चौकशी लागली की प्रत्येकाची फाइल एकदम स्वच्छ! तिथे पेशंट होते, इथे नौसैनिक आहेत.

दुसरं उदाहरण आपल्या लोकलच्या अंतरावरचं. पाणबुडीला जास्त दिवस पाण्याखाली राहू देणारी एआयपी यंत्रणा डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेने विकसित केली. पाणबुड्या बनल्या माझगावात. पण दोन्हीचं वेळापत्रक जुळलं नाही. सहाही पाणबुड्या एआयपीशिवाय दाखल झाल्या. आता ती बसवण्यासाठी पाणबुडी मधून कापून नवा भाग जोडावा लागणार. त्या भागासाठी डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १,९९० कोटींचा वेगळा करार झाला.

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. २०१७ मध्ये संरक्षण राज्यमंत्री असलेले आपल्या धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे यांनी अंतर्गत अहवाल तयार केला होता. तो पुढे बातम्यांतून बाहेर आला. तीन वर्षांतल्या १४४ प्रस्तावांपैकी जेमतेम ८ ते १० टक्के वेळेत पूर्ण झाले, आणि एकट्या कुणावर जबाबदारीच नाही, असा त्याचा सूर होता. डॉक्टर माणूस, रोगनिदान बरोबर केलं. औषध मात्र अर्धवटच मिळालं.

बोफोर्सपासून आपल्याकडे सहीची भीती बसली आहे. सही जितक्या जणांत वाटली जाईल तितकं प्रत्येकाला सुरक्षित वाटतं. फ्रान्समध्ये डीजीए नावाची एकच संस्था शस्त्रांच्या संशोधनापासून चाचणी आणि खरेदीपर्यंत सगळं बघते. तिथेही उशीर होतो, पण जाब कुणाला विचारायचा हे माहीत असतं.

माझं म्हणणं साधं आहे. पाणबुडी, तिचं हत्यार, एआयपी आणि सुटे भाग, सगळं एका अधिकाऱ्याच्या नावावर असावं, आणि काम पूर्ण होईपर्यंत त्याची बदली नको. एखाद्या कंपनीवर बंदी घालायची तर जरूर घाला, पण त्याच कागदावर पर्याय आणि तारीख लिहा.

पुढच्या वेळी खासदार मतं मागायला दारात आले, की रस्त्या-पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारा. कलवरीला टॉर्पेडो मिळाला का, आणि त्याला जबाबदार अधिकारी कोण? उत्तर मिळालं तर खाली नक्की लिहा.